कॅम्पर व्हॅन करायचीये? आधी छताची उंची ठरवा, नाहीतर कंबर बोलेल!

इन्स्टावर व्हॅन लाईफचे रील्स बघून ‘आपणही एक गाडी घ्यावी, आत बेड-किचन करावं आणि थेट कोकणात निघावं’ असं वाटलंय ना? मग लोक लगेच बेडचं डिझाईन, सोलर पॅनल, बॅटरी यांच्या मागे लागतात. पण मंडळी, या सगळ्या गोष्टी नंतर बदलता येतात. एक गोष्ट मात्र गाडी घेतली की जवळजवळ कायमची ठरते, ती म्हणजे छताची उंची.

माझा एक मित्र आहे, उंची ५ फूट ११ इंच. त्याने स्वस्तात मिळाली म्हणून कमी उंचीची सेकंडहँड व्हॅन घेतली. आतलं काम एकदम झकास केलं. पहिल्याच ट्रिपला दोन दिवस पाऊस लागला. बाहेर पडता येईना आणि आत उभं राहता येईना! वाकून चहा, वाकून कपडे बदलणं, वाकूनच भांडी. तिसऱ्या दिवशी घरी आला तो कंबर धरूनच. सहा महिन्यांत गाडी विकली, आणि आत घातलेल्या पैशांपैकी निम्मेही सुटले नाहीत. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

तीन उंच्या, तीन वेगळ्या गाड्या

युरोपात कॅम्परसाठी खूप वापरली जाणारी फियाट डुकाटो उदाहरण म्हणून घेऊ, कारण ही एकच गाडी तीन उंचींमध्ये मिळते.

- एच१ : बाहेरून २२५४ मिमी, आतून १६६२ मिमी
- एच२ : बाहेरून २५२४ मिमी, आतून १९३२ मिमी
- एच३ : बाहेरून २७६४ मिमी, आतून २१७२ मिमी

आता गंमत बघा. कंपनी आतली उंची सांगते ती रिकाम्या पत्र्याची. तुम्ही खाली प्लायवूड, इन्सुलेशन आणि व्हिनाईल टाकणार, म्हणजे साधारण ३.५ ते ४ सेमी गेले. वर इन्सुलेशन आणि सीलिंगचं पॅनल, म्हणजे अजून ३ सेमी गेले. एकूण ७ सेमी धरा.

म्हणजे एच२ मधले १९३ सेमी प्रत्यक्षात उरतात १८६. आणि एच१ मधले १६६ सेमी उरतात १५९, म्हणजे जेमतेम ५ फूट अडीच इंच!

तुमचा आकडा कसा काढायचा?

सोपं सूत्र लक्षात ठेवा:

तुमची उंची + ५ सेमी (चप्पल आणि थोडी मोकळीक) + ७ सेमी (फरशी आणि सीलिंग) = रिकाम्या गाडीची आतली उंची

तुम्ही ५ फूट ८ इंच, म्हणजे १७३ सेमी असाल तर १७३ + ५ + ७ = १८५ सेमी. एच२ पुरेशी आहे, एच३ साठी जास्त पैसे घालायची गरज नाही. माझ्या मित्राची उंची १८० सेमी, त्याचा आकडा येतो १९२. तोही एच२ मध्ये बसला असता, अगदी काठावर का होईना.

दोघं-तिघं जाणार असाल तर सर्वात उंच माणसाचा आकडा धरा. आणि मोजताना फोनच्या मेजर ॲपवर भरवसा ठेवू नका. त्यात एक-दोन सेंटीमीटरची चूक सहज होते, आणि इथे सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. सरळ मेजर टेप घ्या आणि छताच्या आडव्या पट्टीखाली मोजा, दोन पट्ट्यांच्या मधल्या खोलगट भागात नको.

बेडचाही हिशोब करा

बऱ्याच जणांना बेडखाली सामान ठेवायचं असतं. त्यासाठी ७० सेमी सोडा, गादी १० सेमी, आणि बेडवर ताठ बसायला ९५ सेमी. बेरीज १७५. एच२ मध्ये (१८६) हे आरामात जमतं. एच१ मध्ये (१५९) जमत नाही, तिथे सामानाची जागा कमी करून बेड खाली घ्यावा लागतो.

मग सगळ्यात उंच गाडीच का नको?

कारण उंचीची किंमत रोज मोजावी लागते.

१. मायलेज : गाडी हवा कापत जाते. समोरून गाडी जेवढी मोठी, तेवढा हवेचा विरोध जास्त. एच१ वरून एच३ ला गेलात तर समोरचा आकार ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने वाढतो. त्यात हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० चा वेग ९० केला की विरोध सव्वादोन पट! गावातल्या रस्त्यावर फरक जाणवत नाही, हायवेवर डिझेलच्या काट्यावर दिसतो.

२. वारा आणि वळणं : उंच गाडीची बाजू एखाद्या शिडासारखी वारा पकडते. मोकळ्या पुलावर किंवा घाटात बाजूने झोत आला की स्टिअरिंग ओढल्यासारखं वाटतं. त्यात वर जड सामान ठेवलं तर वळणावर गाडी जास्त झुकते. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी कायम खाली.

३. पार्किंग : मॉलच्या किंवा सोसायटीच्या तळघराबाहेर टांगलेली ती पिवळी-काळी पट्टी आठवते ना? तिच्यावर बऱ्याचदा २.१ मीटरच्या आसपासचा आकडा असतो. एच१ सुद्धा तिथे अडकते, मग बाकीच्यांचं बोलायलाच नको.

आणि बाहेरची उंची म्हणजे फक्त छत नाही! वर सोलर पॅनल आणि पंखा बसवला की १० ते १३ सेमी वाढतात, एसी बसवला तर त्याहून जास्त. काम पूर्ण झाल्यावर परत मोजा, आणि तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. ऐनवेळी आठवत नाही.

उघडणारं छत चालेल का?

याला पॉप-टॉप म्हणतात. फोक्सवॅगन कॅलिफोर्निया हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. चालवताना उंची २ मीटरच्या आत, थांबल्यावर छत वर उचललं की उभं राहता येतं आणि वर झोपायची जागाही मिळते. ऐकायला भारी आहे. पण बाजूला कापड असतं, त्यामुळे थंडी, आवाज आणि आपल्याकडचा आडवातिडवा पाऊस यांच्यापुढे ते पत्र्यासारखं टिकत नाही. ओलं कापड तसंच बंद केलं तर बुरशी ठरलेली. उन्हाळा-हिवाळ्याच्या वीकेंडला उत्तम, पण जुलैमध्ये आंबोलीला जाणार असाल तर दोनदा विचार करा.

भारतात एक मोठी अडचण

‘आधी स्वस्त गाडी घेऊ, मग वरचा पत्रा कापून छत उंच करू’ असा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. परवानगीशिवाय छत कापलं तर आरटीओमध्ये अडचण येईल आणि अपघात झाल्यावर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. शिवाय छताच्या आडव्या पट्ट्या गाडीला ताकद देतात, गाडी उलटली तर त्याच तुम्हाला वाचवतात. म्हणून मुळातच हवी तेवढी उंच गाडी शोधा, आणि कामाला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करा.

पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर आपल्याकडे म्हणूनच लोकप्रिय आहे. आणि बजेट कमी असेल तर मारुती ईको वाईट नाही! बाहेरून जेमतेम १.८ मीटर, त्यामुळे पार्किंगची चिंता नाही. आत उभं राहता येणार नाही हे आधीच मान्य करा. आत फक्त झोपायचं, आणि स्वयंपाक मागचा दरवाजा उघडून बाहेर. अडचण होते ती आत घर थाटायला गेल्यावर.

पैसे देण्याआधी ही टेस्ट करा

घरात एका खोलीत, तुमच्या गाडीत जेवढी उंची उरणार आहे तेवढ्यावर आडव्या दोऱ्या बांधा. एक पूर्ण रविवार त्याखाली काढा. चहा करा, कपडे बदला, झाडू मारा. संध्याकाळपर्यंत डोकं किती वेळा दोरीला लागलं ते मोजा. उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल, आणि खर्च फक्त दोरीचा!