नल आलं आणि चाळीस रुपये गेले

सकाळी ९:३०. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटका. तिकीट तयारच होतं: दुकानदाराने डिलिव्हरी चार्जचा रकाना रिकामा सोडला, तर बिलात ४० रुपये लागायला हवेत, पण काहीच लागत नाही.

१०:१५. टाइपस्क्रिप्टच्या फाइलमध्ये पॅरामीटरपुढे '= ४०' व्यवस्थित लिहिलेलं. टेस्टही पास.

११:३०. मग ब्राउझरला मिळणारा कोड उघडला. जुन्या मशीनसाठी आम्ही ईएस५ मध्ये कंपाइल करतो. तिथे त्या '= ४०' चं असं झालेलं: इफ (चार्ज === व्हॉइड ०) चार्ज = ४०. 'अनडिफाइन्ड' असं सरळ का नाही लिहिलं? कारण जुन्या इंजिनांत त्या नावाची किंमत बदलता यायची. २००९ च्या ईएस५ ने ते ग्लोबल नाव बंदिस्त केलं, तरी फंक्शनच्या आत त्याच नावाचं व्हेरिएबल आजही करता येतं. व्हॉइड ० मात्र कायम अनडिफाइन्डच देतं.

आता मुद्दा. जेसनमध्ये अनडिफाइन्ड नसतंच. डेटाबेसचा रिकामा रकाना नल होऊन येतो, तीन बरोबर-चिन्हं त्याला अनडिफाइन्ड मानत नाहीत, डीफॉल्ट लागत नाही, आणि बेरजेत नल म्हणजे शून्य. एरर नाही, काही नाही. जेसन पार्स करून मिळालेल्या मालाचा टाइप 'एनी', म्हणून कंपायलरही गप्प.

दुपारी १:००. जेवण. कॉफीस्क्रिप्टवर वाढलेला एक सहकारी सांगत होता, तिथे नललाही डीफॉल्ट लागायचं. खरंय; २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते बंद झालं.

२:३०. ज्युनिअर म्हणाली, "मग || वापरूया ना?"

"अगं, फुकट डिलिव्हरी देणारा दुकानदार मुद्दाम ० टाकतो. त्यालाही ४० लावशील."

ईएस२०२० मधलं ?? वापरलं. कंपाइल झाल्यावर त्याचे दोन तपास झाले, एक नलचा, एक व्हॉइड ० चा. नुसत्या '== नल' ने भागलं नसतं का? जवळपास नेहमी भागतं. पण इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातलं डॉक्युमेंट.ऑल हे चक्क ऑब्जेक्ट असूनही '== नल' ला 'हो' म्हणतं, आणि कंपायलरला तेवढीही चूक चालत नाही. हाताने लिहिताना मी मात्र '== नल' बेधडक लिहितो.

५:००. बदल पाठवला. डीफॉल्ट असलेल्या फंक्शनची टेस्ट लिहाल तेव्हा तीनदा चालवा: काहीच न देता, नल देऊन आणि शून्य देऊन.