शेवाळात अडकलेलं जहाज: ‘द लॉस्ट कॉन्टिनेंट’ (१९६८) कसा बघायचा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं मुद्दाम राहू दिलंय.

आजचा सिनेमा समुद्राचा आहे. आम्ही पोखर्णीत बसून समुद्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच. इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच. पण या सिनेमातला समुद्रही धड समुद्र नाही, त्यामुळे आमचं तसं बरोबरच जमतं.

सिनेमा आहे ‘द लॉस्ट कॉन्टिनेंट’. १९६८ सालचा, ब्रिटनच्या हॅमर कंपनीचा. हॅमर म्हणजे ख्रिस्तोफर ली यांचा ड्रॅक्युला पडद्यावर आणणारी मंडळी. नावात ‘हरवलेलं खंड’ आहे, पण सगळा सिनेमा बघून झाला तरी खंड काही सापडत नाही. एक गंजकं मालवाहू जहाज, भरपूर शेवाळ, एक भलामोठा खेकडा, एक विंचू, हिरव्या डोळ्याचं ऑक्टोपससारखं काहीतरी आणि शेकडो वर्षांपासून अडकून पडलेलं एक स्पॅनिश गलबत, एवढा ऐवज आहे.

याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते खेकडे-विंचू तर पार खोटे दिसतात, मग यात बघायचं काय? प्रश्न रास्त आहे. खेकडा आणि विंचवाची झुंज बघा, दोघं चाकांवर ढकलल्यासारखे एकमेकांकडे येतात. त्या झुंजीची बाजू मी घेणार नाही. ती लांबते आणि कंटाळवाणी होते. पण तिच्यावर हसून सिनेमा बंद केला, तर फार चांगलं काहीतरी हातचं जातं. ते काय, तेच आज सांगायचंय.

आधी जहाज

जहाजाचं नाव कोरिटा. आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून दक्षिण अमेरिकेतल्या काराकासला निघालंय. कॅप्टन लान्सन कस्टमची बोट चुकवून पळतोय, कारण खाली तळात त्याने ‘फॉस्फर बी’ नावाच्या रसायनाची पिंपं चोरून भरलीयत. त्या रसायनाला पाणी लागलं की स्फोट. आता बघा, पाण्याने पेटणारा माल, तो भरलाय जुन्या गळक्या जहाजात, आणि ते जहाज चाललंय समुद्रातून. राक्षस यायला अजून तासभर आहे, पण धोका पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या मांडीवर येऊन बसलेला असतो.

इथे विज्ञानाच्या शिक्षकांनी थोडं सांभाळून घ्यावं. खरा पांढरा फॉस्फरस उलट पाण्याखालीच ठेवतात, कारण तो हवेत पेट घेतो. पाण्यात भडकतो तो सोडियम. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला असायचा, आठवतोय का? सिनेमावाल्यांनी नाव एकाचं घेतलं आणि गुण दुसऱ्याचा. चालायचंच.

पण अशा मालाची भीती अजिबात खोटी नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीचे दोन स्फोट झाले. तिच्यात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गाठी. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, गाठ आतून धुमसायला लागली की काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. आग कापसात लागली आणि स्फोटकांपर्यंत गेली. शेकडो माणसं मेली, आजूबाजूच्या बोटी आणि गोदामं उद्ध्वस्त झाली, आणि बोटीतल्या सोन्याच्या विटा दूरवर जाऊन पडल्या. एकत्र ठेवू नये असा माल एकत्र भरला की काय होतं, ते मुंबईने बघितलेलं आहे. लान्सन पिंपांकडे बघतो तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आता माणसं. जहाजावरचा प्रत्येक प्रवासी कशापासून तरी पळतोय. एक डॉक्टर आहे, त्याची कृत्यं मागे लागलीयत. त्याच्या मुलीला त्याच्या धाकातून सुटायचंय. एक दारुडा लफंगा आहे. एक बाई एका हुकूमशहाची रखेल होती. आपल्या मुलाला सोडवायला ती रोखे चोरून निघालीय, आणि ते रोखे परत न्यायला आलेला माणूस याच जहाजावर आहे. वादळ येणार असं कळतं, तरी ‘मागे फिरा’ म्हणायला एकही प्रवासी तयार नसतो. मला हा प्रसंग फार आवडतो. कॅप्टनला माल विकायचाय म्हणून तो फिरत नाही, आणि मागे कुणालाच काही उरलं नाही म्हणून प्रवासी फिरू देत नाहीत. खलाशी मात्र बंड करतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या जहाजावर शहाणे तेवढेच.

नटही साधेसुधे नाहीत. लान्सन झालेल्या एरिक पोर्टरची ‘फोरसाइट सागा’ ही बीबीसीची मालिका १९६७ मध्येच गाजली होती. ती बाई म्हणजे जर्मनीची मोठी अभिनेत्री आणि गायिका हिल्डेगार्ड क्नेफ. डॉक्टर नायजेल स्टॉक, हा टीव्हीवर शेरलॉक होम्सचा वॉटसन होता. आणि ही सगळी मंडळी पुढे रबरी खेकडा येणार आहे हे माहीतच नसल्यासारखी काम करतात. कुणी डोळा मारत नाही, कुणी ‘आम्हालाही कळतंय हं’ असं दाखवत नाही. सिनेमा तरतो तो यामुळे.

मग शेवाळ

जहाजाला भोक पडतं, पाणी आत येतं, पिंपं माणसांनी हातांनी हलवावी लागतात. मग होड्यांमधून पळापळ, भांडणं, आणि शेवटी ही मंडळी सारगासो समुद्राच्या शेवाळात येऊन फसतात. हे शेवाळ माणसाला धरतं आणि त्याचं रक्त काढतं.

सारगासो खरा आहे बरं का. उत्तर अटलांटिकमध्ये चार बाजूंनी समुद्रप्रवाह गोल फिरतात आणि मधे एक संथ भाग राहतो. किनारा नसलेला समुद्र म्हणतात तो हाच. तिथे सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ तरंगत असतं, द्राक्षासारख्या हवेच्या बारीक फुग्यांवर. आपल्याकडे गोदावरीच्या साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते, तिचे देठ फुगीर आणि हवेने भरलेले असतात, तसाच प्रकार. कोलंबसाच्या जहाजांनी १४९२ मध्ये हे शेवाळ ओलांडलं. जहाज अडवण्याइतकं ते दाट नसतं. जुनी शिडाची जहाजं अडायची ती वारा पडायचा म्हणून. पण पाणी संपत आलेल्या खलाशाने चहूकडे शेवाळ बघितलं, की दोष कुणाला देणार? शेवाळालाच.

या गैरसमजावर एक अख्खी कथापरंपरा उभी राहिली. विल्यम होप हॉजसन हा लेखक स्वतः खलाशी म्हणून राबलेला. त्याने १९०६-०७ च्या सुमारास शेवाळात अडकलेल्या जहाजांच्या भयकथा लिहिल्या. पुढे डेनिस व्हीटलीने १९३८ मध्ये ‘अनचार्टेड सीज’ ही कादंबरी लिहिली, आणि आपला सिनेमा तिच्यावरून केलेला आहे.

आमच्या गावचं दैवत नृसिंह. ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणूस ना जनावर, ही गोष्ट इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून पाठ असते. म्हणून असेल, पण हे शेवाळ मला पहिल्यांदाच पटलं. ते पाणी नाही आणि जमीनही नाही. पोहता येत नाही, चालता येत नाही. तिथली माणसं त्यावर चालतात कशी? पायाला रुंद पाट्या बांधून आणि खांद्यांना मोठे फुगे लावून, म्हणजे वजन हलकं होतं. धुक्यातून फुगे लावलेली एक मुलगी उड्या घेत येते, ते दृश्य बघाच. खर्च काय, तर चार फुगे आणि थोडा धूर. पण एकदा बघितलं की विसरत नाही.

राक्षसांचं काय करायचं?

सोंग बघताना आपण काय करतो? नाशिक-जव्हारकडच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देव-दैत्य येतात. मुखवट्याखाली गावातलाच माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी संबळ वाजला आणि सोंग आलं की पोरं आईला बिलगतात. मुखवटा खरा आहे का, हे तिथे कुणी तपासत नाही. तो कधी आला, कसा आला, समोरचे कसे मागे सरले, हे बघतात. या सिनेमालाही तीच नजर लावा. ऑक्टोपससारख्या प्राण्याचा हिरवा डोळा अंधारात पेटतो तेव्हा तो दिसतो अगदी थोडा, आणि म्हणून भीती वाटते. खेकडा भर उजेडात पूर्ण दिसतो, म्हणून हसू येतं. गंमत म्हणजे या सिनेमाच्या करामतींवर काम केलेला रॉबर्ट मॅटी हा काही ऐरागैरा नव्हे. डिस्नेच्या १९५४ च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’मधला राक्षसी प्राणी त्याच्या हातचा, आणि १९७५ च्या ‘जॉज’चा यांत्रिक शार्कही. ‘जॉज’च्या वेळी शार्क सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमी दाखवला, आणि त्यानेच प्रेक्षकांची गाळण उडाली.

सिनेमा विस्कळीत आहे, हे खरंच. लेस्ली नॉर्मन दिग्दर्शक होता, त्याला काढलं आणि निर्माता मायकेल कॅरेरासने स्वतः काम हातात घेतलं. पटकथाही त्याचीच, टोपणनावाने लिहिलेली. म्हणून मध्यावर दुसराच सिनेमा सुरू झाल्यासारखं वाटतं. सुरुवातीला तर ‘द पेडलर्स’ या गटाचं हॉटेलात वाजावं तसं ऑर्गनवरचं गाणं येतं!

पण दुसऱ्या भागातल्या त्या गलबताकडे लक्ष द्या. तिथे स्पॅनिश लोकांचे वंशज राहतात, राजा म्हणून एक लहान पोरगा बसवलाय, आणि त्याच्या कानाशी तोंड झाकलेला धर्माधिकारी. इन्क्विझिशन. गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये आणलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, ते हेच प्रकरण, फक्त इथे स्पॅनिश. या लोकांना सांगितलेलं आहे की इथे अडकणं ही देवाची इच्छा, आणि सुटायचा प्रयत्न म्हणजे पाप. जो विरोध करेल तो गलबताच्या पोटातल्या राक्षसाच्या तोंडात. कोरिटावरची माणसं आपापल्या आयुष्यातून पळत होती; इथे पिढ्यान्पिढ्या न पळणारी माणसं भेटतात. ही दोन माणसं समोरासमोर आली की विंचवाची चाकं आठवत नाहीत. आणि लान्सनकडे अजून ती पिंपं आहेत.

शेवट सांगत नाही. एवढंच करा: सिनेमा सुरू होतो तो डेकवरच्या अंत्यविधीने. कॅप्टन प्रार्थना वाचतोय, भोवती आजच्या कपड्यातली आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या कपड्यातली माणसं एकत्र उभी आहेत, आणि आपण इथवर आलो कसे, असं तो मनाशी विचारतो. तिथे घाई करून पुढे ढकलू नका. कोण कुणाशेजारी उभं आहे ते बघून ठेवा, आणि ती शवपेटी कुणाची असेल त्याचा अंदाज करत बसा.