तीन, चार, पाचची सुतळी

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या कर्जत-खालापूर भागात घर बांधणाऱ्यांची एकच धांदल उडते. उल्हास आणि पाताळगंगा भरून वाहू लागण्याआधी निदान जोतं तरी वर यावं, असं प्रत्येकाला वाटतं. अशाच धांदलीत काही वर्षांपूर्वी मी घरामागे एक खोली वाढवली. १२ फूट लांब, ९ फूट रुंद. आखणीच्या दिवशी आमचे वयस्क मिस्त्री सुतळी घेऊन बसले. म्हणाले, ‘‘भाई, जरा दम धरा. काटकोन बघू द्या.’’ आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, डोळ्यांना सरळ दिसतंय की! मारा फक्की.’’

खोली उभी राहिली. लाद्या बसवताना मात्र माझ्या डोळ्यांची परीक्षा झाली. भिंतीच्या एका टोकाला लादी बरोबर चिकटली आणि दुसऱ्या टोकाला पाच इंचांची फट! कडेची एकेक लादी तिरकी कापावी लागली. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि समोरासमोरचे कोपरे मापायला लावले. एक कर्ण भरला १५ फूट ४ इंच, दुसरा १४ फूट ८ इंच. ‘‘दोन्ही पंधरा यायला हवे होते,’’ ते एवढंच म्हणाले.

श्रोतेहो, कागद-पेन्सिल न घेता त्यांना पंधरा हा आकडा कसा सुचला? मी पडलो बीए झालेला कवी. शाळेतलं गणित कधीच मागे टाकलेलं. मिस्त्रींनी दोन खुंट्या आणि सुतळी घेऊन ते मला पुन्हा शिकवलं. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका सुतळीवर ३ फुटांवर खूण करायची, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर नेमकं ५ फूट भरलं, तर कोपरा काटकोनात. जास्त भरलं तर कोन फाकला, कमी भरलं तर आवळला. कारण तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा. दोन्हींची बेरीज पंचवीस, म्हणजे पाचा पाचा. काटकोनाला लागून असलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ही कर्णाच्या वर्गाएवढी असते. तिन्ही आकडे तिप्पट करा, ९, १२ आणि १५ येतात. माझ्या खोलीचं माप तेच होतं!

ही सुतळी फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला दोरीच वापरलेली दिसते. ‘शुल्ब’ म्हणजेच दोरी. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक बांबू मोडला. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकतो. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. उरलेला २० हातांचा तुकडा झाला कर्ण. १२, १६, २० म्हणजे आमच्या मिस्त्रींच्या तीन-चार-पाचची चौपट. आणि मला विशेष आनंद याचा, की १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने. तो कवी होता. म्हणजे कवीला गणित वर्ज्य, ही माझी सबब तिथेच संपली.

मिस्त्रींची नात तेव्हा नववीत होती आणि भूमितीला कंटाळून शाळाच सोडायचं म्हणत होती. ती एकदा आजोबांबरोबर आली, तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘बेटा, कंपासपेटीत दोन गुण्ये का असतात?’’ तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, मलाही आदल्याच आठवड्यात कळलं होतं.

पहिला गुण्या म्हणजे चौकोनी लादी कोपऱ्यातून कोपऱ्यात कापल्यावर मिळणारा अर्धा भाग. त्याचे कोन ४५, ४५ आणि ९० अंशांचे. दोन बाजू सारख्या. कर्ण बाजूच्या दोनच्या वर्गमुळाइतका पट, म्हणजे सुमारे १.४१४. शुल्बसूत्रकारांची रीत पाहा: बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, मग त्या हिश्शाचा चौथा भाग मिळवा. १२ इंचांची लादी असेल, तर १२ अधिक ४ अधिक १, झाले १७ इंच. या शेवटच्या एका इंचाचा चौतिसावा भाग वजा करा, असं ते पुढे सांगतात. इतकी बारीक नजर!

दुसरा गुण्या म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण मधोमध उभा चिरल्यावर मिळणारा अर्धा भाग. कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे. चिरताना पाया निम्मा झाला, म्हणून ३० अंशांसमोरची बाजू नेहमी कर्णाच्या निम्मी. ६० अंशांसमोरची बाजू त्या निम्म्याच्या १.७३२ पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतकी पट. आमच्याकडे पाऊस वाऱ्यासकट येतो. कौलांना उतार कमी पडला, तर पाणी उलटं आत शिरतं. समजा, ३० अंशांचा उतार ठेवला आणि भिंतीपासून आढ्यापर्यंतचा वासा १२ फुटांचा आहे. आढं भिंतीच्या वर ६ फूट चढणार आणि आडवं अंतर सुमारे १० फूट ५ इंच भरणार. एक माप हातात असलं, की बाकीची दोन मिळालीच.

पोरीने वहीत आकडे मांडले, मग आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी हिशेब न करता मान डोलावली. ‘‘म्हणजे हे तुम्हाला येतं?’’ तिने विचारलं. मला वाटतं, तिची शाळा त्या एका प्रश्नावर टिकली. जे पुस्तकात होतं, ते तिच्या घरातच होतं. फक्त त्याला तिथे कुणी भूमिती म्हणत नव्हतं.

आमची ती खोली अजून तिरकीच आहे. कपाट भिंतीला नीट टेकत नाही. पाहुण्यांनी विचारलं, की मी सांगतो, ही भिंत गुण्यात नाही. पण आम्ही तिच्यासह गुण्यागोविंदाने राहतो. तुम्ही घर बांधणार असाल, तर आभाळ कितीही भरून येवो, मिस्त्रींना पाच मिनिटं सुतळी धरू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)