आत वळणारी बोटे
बोरी अरबसारख्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात एखाद्याची करंगळी व अनामिका हळूहळू आत वळू लागली, तर वाताचे तेल चोळत बसण्यापूर्वी त्वचेची संवेदना तपासावी. कारण कुष्ठरोगाने कोपरामागील अल्नर मज्जातंतूला इजा केल्यास त्वचा बधिर होते, बोटे मात्र सुरुवातीला दुसऱ्या हाताने सरळ करता येतात. याउलट, पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक द्युपित्रां यांनी १८३१ मध्ये शस्त्रक्रिया केलेल्या विकारात तळहाताच्या त्वचेखालील पडदा दोरीसारखा ताठरतो, संवेदना शाबूत राहते, पण तळवा मेजावर सपाट टेकत नाही; भारतात तो विरळाच. कुष्ठरोगावर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात, इजा सहा महिन्यांच्या आतली असल्यास प्रेडनिसोलोन या औषधाने ती भरून येऊ शकते, आणि जुन्या वाकलेपणासाठी स्नायुबंध-स्थलांतर, म्हणजे निरोगी स्नायूचा बंध बोटांना जोडण्याची, शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला रुजवलेली शस्त्रक्रिया करतात.