अंधारात दिसतंय ते नेमकं कोण?

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी गेलात की हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. सेनगाव तालुक्यातलं साखरा घ्या, नाहीतर हिंगोली जिल्ह्यातलं तुमचं स्वतःचं गाव. जेवणं उरकली की वडील घोंगडी, काठी आणि बॅटरी घेऊन जागलीला निघतात. हरभरा नुकताच उगवून आलाय, तूर फुलावर आहे. रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी शेतात उकरलेली मातीच दिसणार. रोही आले तर कोवळे शेंडे गायब.

तुम्ही इकडे अंथरुणात रील बघताय. काळ्या पडद्यावर पांढरीशुभ्र डुकरं पळतायत, मध्ये लाल ठिपका, खाली लिहिलंय ‘थर्मल स्कोप’. मनात येतं, आपणही एक मागवून टाकावा. वडिलांची झोप तरी वाचेल.

थांबा. मागवण्याआधी दोन मिनिटं हे वाचा.

त्या रील्स कुठल्या असतात? बहुतेक अमेरिकेतल्या, टेक्सास वगैरे भागातल्या. तिथलं डुक्कर म्हणजे युरोपातून आलेल्या, मोकाट सुटलेल्या डुकरांची पिलावळ. ते तिथलं मूळचं जनावर नाही, त्यामुळे खासगी जमिनीवर त्याला मारायला मोकळीक आहे. आपलं रानडुक्कर इथलंच आहे आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय, दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्या कागदाशिवाय बंदूक काय, एअरगन लावली तरी ती शिकारच. नुसता प्रयत्न केला तरी कायद्याच्या भाषेत शिकारच धरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिग्रीच्या वर्षात हे परवडणारं नाही.

मग हे यंत्र आपल्या कामाचंच नाही का? आहे, पण बघण्यासाठी. आणि बघायचं असेल तर स्कोप नको, हातात धरायचा मोनोक्युलर हवा. स्कोप बंदुकीवर बसतो. त्यातून काही बघायचं म्हटलं की नळी त्या दिशेला रोखावीच लागते. समोर कोण आहे हे कळायच्या आधीच!

आता थर्मल की नाइट व्हिजन? दोन्ही एकच असं दुकानदारही बिनधास्त सांगतात. तसं नाही.

घरातला टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनवर रिमोटच्या टोकाशी जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. डिजिटल नाइट व्हिजन याच तत्त्वावर चालतं. यंत्र स्वतः न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड पकडतं. चेहरा, कान, शेपटी असे बारकावे त्यात बरे दिसतात आणि किंमतही कमी असते. अडचण एकच. समोर तुरीची फांदी किंवा धुकं आलं की उजेड त्याच्यावरच आपटून परत येतो. पडदा पांढरा, मागचं काहीच दिसत नाही.

थर्मलला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तूतून उष्णता बाहेर पडते. हे न दिसणारे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधले. थर्मल कॅमेरा तीच उष्णता टिपतो. थंड शेतात गरम जनावर दिव्यासारखं उठून दिसतं, हरभऱ्यासारख्या बुटक्या पिकात तर लगेच. पण पानांच्या आरपार त्याला दिसत नाही. दाट तुरीतून फटीफटीतून तुकडे दिसतील तेवढेच. काचेतूनही दिसत नाही, म्हणजे गाडीत काच लावून बसून उपयोग नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी दगड आणि बांध तापलेले असतात, तेव्हा चित्राचा गोंधळ होतो. आणि हे लक्षात ठेवाच: साप थंड रक्ताचा, थर्मलमध्ये तो जमिनीत मिसळून जातो. यंत्र कितीही महाग घ्या, पायात बूट आणि हातात बॅटरी लागणारच.

जाहिरातीतल्या ‘एक किलोमीटरपर्यंत दिसतं’ या ओळीवर जाऊ नका. दिसणं आणि ओळखणं यात खूप फरक आहे. साधं गणित करू. चौरस आकाराच्या चार एकरांची एक बाजू सव्वाशे मीटरच्या आसपास येते. म्हणजे आपलं काम शंभर-सव्वाशे मीटरचं. २५६ बाय १९२ पिक्सेलचा, १२ मायक्रॉनचा सेन्सर आणि १० मिलिमीटरची लेन्स असेल, तर शंभर मीटरवर एक पिक्सेल १२ सेंटिमीटरचा होतो. सव्वा मीटर लांबीचं डुक्कर म्हणजे जेमतेम दहा पिक्सेल. लेन्स १९ मिलिमीटरची घेतली तर वीस होतील, पण मग एका वेळी सोळा मीटरचीच पट्टी दिसते. दहाच्या लेन्समध्ये तीस मीटर दिसतात. ३८४ बाय २८८ चा सेन्सर आणि १९ ची लेन्स घेतली तर वीस पिक्सेल आणि तेवीस-चोवीस मीटर, दोन्ही मिळतात. खिसा मात्र त्या हिशेबानं हलका होतो. झूमचं बटण दाबून पिक्सेल वाढत नाहीत, तोच ठिपका फक्त मोठा होतो.

हे दहा पिक्सेल का मोजायचे, ते आपल्याकडच्या रात्रीत एकदा उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीनं रात्रीची येते. रात्री दोन वाजता कुणीतरी स्प्रिंकलरचे पाईप बदलायला वाकलेलं असतं. कुणी धुऱ्यावर घोंगडी पांघरून बसलेलं असतं. दहा ठिपक्यांत वाकलेला माणूस आणि डुक्कर यांत काय फरक दिसणार? शेजारचे काकाच असायचे ते!

याच कारणासाठी तारेत थेट घरची वीज सोडण्याचा प्रकारही बंद व्हायला हवा. झटका मशीन बॅटरीवर चालतं, क्षणभराचा झटका देतं, जनावर मागे फिरतं. लाईनवरची २३० व्होल्टची वीज थांबत नाही. त्या तारेला चिकटून राज्यात माणसं गेली आहेत. तो गुन्हाही आहे.

मग यंत्र घ्यायचंच असेल तर? पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक घ्या, एकट्याच्या खिशाला झेपणारं नाही. घेण्याआधी रात्री आपल्याच शेतात बघून घ्या, दुकानातल्या एसीत नको. कळप किती वाजता, कुठल्या धुऱ्यावरून येतो, किती आहेत, हे आठवडाभर वहीत लिहा. झटक्याची तार आधी त्याच बाजूला मजबूत करा. लांबून आवाज द्या, पिल्लांसोबतच्या मादीच्या जवळ जाऊ नका. नुकसान झालं तर व्हिडिओ जपून ठेवा आणि लगेच वनरक्षकाकडे अर्ज द्या, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. फॉर्म भरणं आपल्याला जमतं, वडिलांना त्यातच तर मदत हवी असते.

आणि या सुट्टीत एक रात्र तरी त्यांच्यासोबत जागलीला जा. डुकरं कुठून येतात हे त्यांना बहुतेक ठाऊक असतं, आपण कधी विचारलेलं नसतं. यंत्राची ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळीही देता येईल.