वर्षाचा संकल्प आवर्तनांत वाटून घ्या

भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर 1928 साली पूर्ण झालेले भाटघर धरण सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी साठवते. ते पाणी पुढे नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत साठा पाहून रब्बी आणि उन्हाळी आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. स्वतःत सुधारणा करण्याचे वर्षाचे नियोजनही असेच करावे.

आधी साठा मोजा : रोज खरोखर किती वेळ मोकळा मिळतो? तेवढ्यात बसतील अशी एक-दोनच उद्दिष्टे घ्या. ‘तब्येत सुधारायची’ हे मोघम झाले. ‘सकाळी चहा झाला की अर्धा तास चालायचे’ हे पाळता येते. केव्हा आणि कुठे हे आधी ठरवले तर संकल्प तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवले आहे.

सवय रुजायला वेळ लागतो. लंडनमधील एका अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. आपला चातुर्मासाचा नेमही आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, मुदत ठरवूनच केलेला असतो.

म्हणून वर्षाचे चार भाग पाडा आणि दर तिमाहीला आढावा घ्या. जे जमले ते पुढे चालवा, जे झेपले नाही ते कमी करा. पाडवा हुकला तरी दसरा आहेच. सुरुवात कधीही करता येते.