गोड्या पाण्यातील शेती (भाग ६) : द्राक्षाच्या पाण्यातला मासा

जालना जिल्ह्यात शेततळे माशांसाठी खोदले जात नाही. पावसाळ्यात भरून घेतलेले पाणी द्राक्ष, मोसंबी, डाळिंब यांना उन्हाळ्यात पुरवायचे, हा त्याचा हेतू. जालना तालुक्यातील कडवंचीत १९९६च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने कामे झाली. पुढे गावात शेकडो शेततळी आली आणि द्राक्षबागा पसरल्या. अशा तळ्यात मासा हा पाहुणाच. बागेची गरज आधी, त्याची नंतर.

म्हणून येथील मत्स्यशेतीचे वेळापत्रक बाग ठरवते. तळे जुलै-ऑगस्टनंतर भरते. फेब्रुवारीपासून पाणी झपाट्याने उतरते. उपसा असतोच, शिवाय मराठवाड्यात वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक पाणी नुसते बाष्प होऊन जाते. हाती राहतात सात-आठ महिने. कटला, रोहू, मृगळ या माशांना किलोभर वजनाला सहसा दहा-बारा महिने लागतात. ही तूट भरून काढायची तर मत्स्यजिरे (माशांची अगदी लहान पिल्ले) किंवा बारीक बीज सोडून चालत नाही. आदल्या वर्षी दाटीत वाढवलेली, मोठी बोटुकली लागते. मोकळे पाणी मिळताच ती भराभर वाढते. बीज स्वस्त मिळाले म्हणून बारीक सोडणे हीच येथली सर्वांत महाग काटकसर.

३० बाय ३० मीटरच्या तळ्यात, हेक्टरी पाच ते दहा हजारांच्या हिशेबाने, ४५० ते ९०० बोटुकली बसतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पण बहुतेक तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. गाळच नाही, त्यामुळे मृगळाचे ताट रिकामे. त्याचे प्रमाण कमी ठेवावे लागते. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढाव्यात म्हणून शेण गोणीत भरून काठाशी टांगतात. उरलेली भूक शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा भागवतो.

खरी ओढाताण येथेच आहे. माशाला हिरवट पाणी हवे, ठिबकला नितळ. शेवाळाने ड्रिपर चोंदतात, म्हणून सँड फिल्टर वारंवार धुवावा लागतो. शेण जास्त झाले तर पहाटे विरघळलेला प्राणवायू घटतो, विशेषतः सलग ढगाळ दिवसांत. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. अशा वेळी खाद्य-खत थांबवून पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडतात. उलट, माशांच्या विष्ठेतील नत्र त्याच पाण्यातून बागेला मिळते, हा फायदा सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

धोका बागेकडूनही असतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीचे तुषार वाऱ्याने तळ्यावर जाऊ नयेत आणि पंप तळ्यात धुतला जाऊ नये, एवढे पथ्य पुरते. मोडले जाते तेही हेच.

काढणीत घाई नडते. सगळा मासा एका दिवशी बाहेर काढला तर बर्फ आणि गिऱ्हाईक दोन्ही अपुरे पडतात व व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. पाणी उतरू लागताच दर आठवड्याला मोठे मासे निवडून आठवडी बाजारात नेले, तर उरलेल्यांना जागा आणि प्राणवायू मिळतो. मात्र जाळे ओढताना अस्तर फाटू नये म्हणून शिशाच्या जड गोळ्या टाळतात, आणि निसरड्या काठावर कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरू नये.